टोपली ओतायची नाही

३ मार्च

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही जागच्या जागी आहोत.

दर रविवारी तू मामीशी फोनवर बोलतेस, तेव्हा हेही तिलाच विचारता आलं असतं. पण तिच्यामार्फत विचारलं की प्रश्न एक जातो आणि उत्तर भलत्याचंच येतं. मोबाइलवर लिही म्हणशील, तर त्या मुंगीएवढ्या अक्षरांत मला स्वतःची चूक दिसत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, आता चूक न दिसणारं लिहायला लावू नकोस.

तर मुद्दा आपल्या संगणकाचा. आठ दिवस झाले, तो सुरू होता होता मध्येच अडतो, विचारात पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मधूनच पाटी दाखवतो, की या ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल आता बंद झाली आहे. दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, "काका, मशीन म्हातारं झालंय. यावर नवीन विंडोज चढायचं नाही. मशीनच नवीन घ्या." मी पाटीवर लिहून दाखवलं, म्हातारं झालं म्हणून बदलायचं तर सुरुवात माझ्यापासून करा. तो हसला आणि गेला. समोरची शिंपीण म्हणते, तिच्या जावयाने लिनक्स घातलंय आणि ते जुन्या मशीनवर तुरुतुरु पळतं. इकडे आड, तिकडे विहीर.

संगणक मला कशाला लागतो ते तुला माहीत आहे. ऑपरेशनात माझं स्वरयंत्र काढलं त्याला सहा वर्षं झाली. त्याच वर्षी तुझ्या मामीच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेड गेला. मी बोलू शकत नाही, ती वाचू शकत नाही. जोडी जमवणाऱ्याने काय बघून जमवली कोण जाणे! ऑपरेशनच्या आधी तू आलीस, माझ्या आवाजात नऊ वाक्यं भरून घेतलीस, नऊ बटणांवर बसवून दिलीस, म्हणून हे घर बोलतं आहे. परवा सकाळी पाऊण तास संगणक उठलाच नाही. ती आतल्या खोलीतून "आहेस का रे? आहेस का?" असं विचारत होती. मी टेबल वाजवलं, तर तिला वाटलं मी पडलो. धावत येताना दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं तिचं.

मला भीती वाटते, ही गोष्ट तुला सांगून टाकतो. तो बंद पडला तर मी तिच्यासाठी या घरात नाहीच. तेव्हा काय घालू ते कळव.

तुझा
मामा


११ मार्च

ती. मामास,

नमस्कार. मामीच्या कपाळाला काय लागलं ते रविवारी विचारलं, तर म्हणाली "दार मध्ये आलं". तुझा निरोप आणि तिचा निरोप जुळवून मग खरं काय ते कळतं, तुमच्या घरात नेहमीचंच.

मी इथे गोदामातले तीनशे संगणक सांभाळते. प्रत्येक जण येऊन हेच विचारतो, की कोणती सिस्टिम चांगली? मामा, चांगली अशी कोणतीच नसते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातला कारभारी. कोणाला कुठे बसवायचं, किल्ल्या कुठे टांगायच्या, पाहुण्याला कोणत्या खोलीपर्यंत येऊ द्यायचं, हे तो ठरवतो. मोठ्या घराचा कारभारी दोन खोल्यांत ठेवलास तर त्यालाच बसायला जागा उरत नाही. तुझ्या मशीनचं सध्या तेच झालंय. त्यामुळे आधी घर बघायचं, मग कारभारी.

म्हणून तू मला एवढंच कळव, की तुम्हा दोघांना रोज काय लागतं? रोजचं, हं. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टींसाठी लोक भलतंसलतं घेऊन बसतात आणि मग रोज रडतात.

आणि मी न विचारता काही करणार नाही, घाबरू नकोस. तुझ्याकडे शिकायला होते तेव्हा शाळा सुटली की छापखान्यात येऊन तुझ्या टेबलाखाली बसायचे, आठवतं? एक दिवस शहाणपणा करून तुझी कागदाची टोपली बाहेर ओतून आले होते. तपासलेली प्रुफं महिनाभर टोपलीत ठेवायची, चुकीवरून भांडण झालं तर तोच पुरावा, हा तुमचा नियम मला काय माहीत! तुझा आयुष्यातला एकुलता एक धपाटा मी त्या दिवशी खाल्ला. तेव्हापासून कुणाचंही काही फेकण्याआधी विचारते. माझी नोकरी त्या धपाट्यावर चालली आहे म्हण ना.

तुझी
खटपटी


२० मार्च

चि. खटपटीस,

आशीर्वाद. धपाट्याबद्दल अजून वाईट वाटतं, पण दुसऱ्या दिवशी मालकासमोर मी काय दाखवलं असतं ते सांग. टेबलावर ठेवलेल्या कागदावर येणारा-जाणारा हात टाकतो. कपाटाची किल्ली मालकाकडे. पण टोपलीत हात घालून कुणी बघत नाही. आमच्या छापखान्यात सगळ्यात भरवशाची जागा तीच होती. झाडणारी बाईसुद्धा विचारायची, "ओतू का?" आणि मी नाही म्हटलं की नाही.

आता रोजचं काय ते लिहितो.

सकाळी एक नंबर, "ऊठ, चहा झालाय." मग दोन नंबर, "गोळ्या घेतल्यास?" तीन, "दार मी लावलंय." चार, "कोणी नाही, वारा आहे." पाच, "मला पटलं." सहा, "मला पटलेलं नाही." सहा नंबर सर्वांत जास्त झिजला आहे, बटणावरचा आकडा पुसला गेलाय. सात, "आलोच." ती हाक मारते, मी सात दाबतो आणि मग उठतो, कारण गुडघ्यांना वेळ लागतो. आठ, "भांडू नकोस, मी हरलो." आणि नऊ, "अगं, ऐकतेस का?" ऐकतेस का म्हटल्यावर ती येते, हात पुढे करते आणि मी तिच्या तळव्यावर बोटाने अक्षरं काढतो. नऊ वाक्यांत संसार बसतो बघ. लोक उगाच जास्त बोलतात.

पण तळव्यावर किती लिहिणार? एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात आणि तिला गुदगुल्या होतात. तेव्हा मी टाइप केलेलं संगणकाने तिला आपल्या भाषेत वाचून दाखवलं तर मला हवंच आहे. तिला स्वतःलाही लिहायचंय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं अंधारातसुद्धा बोटांनी लाइनी जोडायची ती, पण डोळे गेल्यापासून स्वतःचं नावही लिहिलेलं नाही. इंटरनेट नको. खेळ नकोत. नऊ बटणं जशीच्या तशी हवीत, माझ्याच आवाजात.

एवढंच रोजचं. बाकीचं काही रोजच्या यादीत बसणारं नाही, म्हणून लिहीत नाही.

जरा लवकर कर. घाई नाही, पण लवकर कर.

तुझा
मामा


२ एप्रिल

ती. मामास,

नमस्कार. तुझी यादी वाचून मी गोदामात हसत बसले आणि मग ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

ठरलं. दुकानदार खोटं बोलत नाही, नवीन विंडोज तुझ्या मशीनला खरंच पेलणार नाही. आणि मशीन बदललंस तर बटणं बदलतील, तुझी बोटं चुकतील, मामी "मला पटलं" ऐकेल आणि तुला पटलेलं नसेल. म्हणून मशीन तेच, कारभारी नवा. लिनक्सचा एक हलका प्रकार आहे, तो थोड्या जागेत राहतो. त्याच्याबरोबर वाचून दाखवणारी एक बाई येते. आवाज जरा यंत्रासारखा आहे, पण उच्चार कळतात. तुझ्यासारखं जुनं मशीन इथे अडगळीत होतं, त्यावर मी आठ दिवस हे चालवून बघितलंय. नऊ बटणांचीही सोय केली आहे.

सोबत दोन पेनड्राइव्ह आहेत, एकाला लाल दोरा बांधलाय, एकाला पांढरा. आधी पांढरा लावायचा. पडद्यावर दिसणारं सगळं आणि "कागदपत्रं", "चित्रं", "आवाज" ही तीन कपाटं त्यात उतरवून घ्यायची. उतरली का ते उघडून बघायचं. मग पांढरा काढून डब्यात ठेवून द्यायचा. त्यानंतर लाल लावून मशीन सुरू करायचं. तो विचारेल, जुन्याच्या शेजारी बसू की सगळं पुसून बसू? "सगळं पुसून" म्हणायचं, कारण दोन कारभारी तुझ्या घरात मावणार नाहीत. मग पांढऱ्यातलं परत आणायचं. बस.

तू प्रुफं तपासणारा माणूस, तेव्हा कानामात्रा न बदलता सांगितलं तसंच करशील याची खात्री आहे. दुकानदाराला हात लावू देऊ नकोस.

खटपटी


१९ एप्रिल

चि. खटपटीस,

फत्ते! तुझं पत्र डावीकडे, पाटी उजवीकडे, प्रत्येक ओळीवर टिचकी मारत मारत केलं. दुपारी दोनला बसलो, चारला उठलो. संगणक आता बटण दाबल्यावर मी खुर्चीत नीट बसायच्या आत तयार होतो. पहिलं बटण सातच दाबलं. "आलोच" म्हणालो. तुझी मामी आतून ओरडली, "मी हाक कुठे मारली?"

मग ती बाई सुरू केली. मी टाइप केलं, "माझ्या मागच्या सहा वर्षांच्या सगळ्या तक्रारी आता मी हिच्याकडून सांगणार आहे." बाईने वाचलं. मामीने मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "ही एक्स्चेंजमध्ये असती तर पहिल्या दिवशी काढली असती. श्वास कुठे घेते ही?" पण नंतर तासभर हललीच नाही. मी लिहायचो, बाई वाचायची, मामी उत्तर द्यायची. सहा वर्षांत एवढं बोललो नव्हतो. शेवटी तिने विचारलं, "तुझ्या मनात हे सगळं साठलेलं होतं का रे?" मी म्हटलं, थोडंसंच.

तुझे उपकार, पोरी. हे मी गमतीत म्हणत नाही.

एक विचारायचं राहिलं. नव्या सिस्टिममध्येही टोपली आहे, पण ती रिकामी दिसते. जुन्या टोपलीतलं तू कुठे ठेवायला सांगितलं होतंस? पांढऱ्या दोऱ्याच्यात मला सापडलं नाही. सवडीने कळव.

तुझा
मामा


२७ एप्रिल

ती. मामास,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा इथल्या मैत्रिणींना. मामीचं "श्वास कुठे घेते ही" आता गोदामात म्हण झाली आहे.

टोपलीचं वाचून मात्र हसू की रडू कळेना. मामा, अरे, संगणकाच्या टोपलीत कुणी काही ठेवतं का! छापखाना सुटला, पण छापखान्याची खोड सुटली नाही. ती टोपली फेकायच्या आधीची जागा असते. सगळं पुसलं तेव्हा तीही पुसली गेली.

आता गंमत बाजूला. तिच्यात खरंच काही होतं का? असेल तर हे पत्र वाचल्या क्षणी मशीन बंद कर आणि पुन्हा सुरूच करू नकोस. पुसलेलं लगेच जात नाही, त्यावर दुसरं लिहिलं गेलं की जातं. आतली डिस्क दुकानदाराकडून काढून घे आणि मला पाठव. इथे अशा डिस्क वाचणारा एक जण आहे. हमी नाही, पण तो बरंच काही काढतो. येऊन-जाऊन अडीच-तीन महिने लागतील, तेवढे दिवस नऊ बटणं आणि ती बाई दोन्ही बंद राहतील. दुसरी डिस्क घालून चालवता येईल का ते दुकानदाराला फोनवर विचारलं, पण तुझ्या मशीनला बसणारी आता मिळत नाही म्हणाला.

काही नसेल तर "काही नाही" एवढं कळव, म्हणजे मी सुटले.

खटपटी


६ मे

चि. खटपटीस,

काही नाही. जुने कागद होते, रद्दीच. उगाच विचारलं.

तुझी मामी टाइप करायला शिकते आहे. मी तिची बोटं धरून बटणांवर नेतो आणि बाई प्रत्येक अक्षर मोठ्याने सांगते. पहिल्या दिवशी तिने स्वतःचं नाव लिहिलं. मग माझं. माझ्यात दोन चुका होत्या, मी सुधारल्या नाहीत.

अक्षरं पडद्यावर मोठी कशी करायची ते कळव.

मामा


१५ मे

ती. मामास,

सुटले! तुझं उत्तर येईपर्यंत रोज टपालाची वाट बघत होते. एवढं मात्र लक्षात ठेव, यापुढे टोपलीत काही ठेवायचं नाही. दुसऱ्यांदा तुझी टोपली ओतल्याबद्दल आणखी एक धपाटा उधार राहिला, डिसेंबरात येईन तेव्हा घाल.

अक्षरं मोठी करायची कृती मागच्या बाजूला लिहिली आहे.

खटपटी


३० जुलै

ती. मामास,

अडीच महिन्यांत तुझी एक ओळ नाही. मामीला विचारलं, तर म्हणते, "बरा आहे, दिवसभर टाइप करत असतो. मी जवळ गेले की बाईचं तोंड बंद करतो." पण ती हे सांगत असताना मागे मला तुझा खोकला ऐकू आला. मी म्हटलं, खोकतो का गं? ती म्हणाली, "वारा आहे." हे तर तुझं चार नंबर! तिच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं नाही.

काय लिहितोस एवढं? आणि डॉक्टरांकडे गेला होतास का? सरळ लिही.

खटपटी


२२ ऑगस्ट

चि. खटपटीस,

सरळ लिहितो, कारण वाकडं लिहायला आता दम नाही. हे हॉस्पिटलातून लिहितो आहे, पत्र शिंपीण टाकेल. तुझ्या मामीला यातलं काही वाचता येणार नाही, एवढाच तिच्या आंधळेपणाचा फायदा.

गाठ परत आली आहे. पहिल्यांदा फेब्रुवारीत हाताला लागली. तुला मार्चमध्ये पत्र लिहिलं ते त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, आठ महिने, फार तर दहा. त्यांचंही प्रूफ तपासायला हवं होतं, सहाच भरतील असं दिसतं.

टोपलीबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्याशी पहिल्यांदाच.

सहा वर्षांपूर्वी नऊ वाक्यं भरून तू गेलीस, त्यानंतर ऑपरेशनला आठ दिवस होते. टेबलावरून उठेन की नाही याची खात्री नव्हती. अडगळीच्या खोलीत गादीखाली तोंड घालून मी रोज थोडंथोडं बोललो. मी गेल्यावर तिने ऐकायचं असं. एक्केचाळीस तुकडे झाले. काही अगदी साधे, शेगडीची चावी कुठल्या बाजूला फिरवायची वगैरे. काही तसे नव्हते. पडद्यावर ठेवले असते तर कुणाचाही हात लागून वाजले असते आणि मी जिवंत असताना तिने ते ऐकले असते. टोपलीतलं वाजत नाही, आणि टोपली कुणी बघत नाही. म्हणून ते टोपलीत ठेवले. सहा वर्षं सुखरूप राहिले. तू रोजचं विचारलंस, हे रोजचं नव्हतं.

तुझं २७ एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मशीन बंद होतं. मी ते पत्र घेऊन टेबलाशी बसलो. डिस्क पाठवावी, तर तीन महिने मी मुका आणि ती पुन्हा एकटी, आणि माझ्याकडे सगळे मिळून पाच महिने. तेवढ्यात तिने आतून विचारलं, "आज बाईला काही बोलायचं नाही का?" मी बटण दाबलं. तूच सांग, दुसरं काय करणार होतो? मेल्यानंतर बोलायचं की जिवंतपणी, यातलं एकच मिळत होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू डिस्क मागवलीच असतीस, मी ओळखतो तुला.

मेपासून ते सगळं आठवून टाइप करतो आहे. एक्केचाळीसांपैकी सतरा झाले. शब्द बरेचसे सापडले, पण वाचणार ती बाई. ज्या माणसाच्या आवाजाशी तिने लग्न केलं, त्याचं शेवटचं बोलणं श्वास न घेणारी बाई वाचणार. माझं नशीब फुटकं, तुझी चूक नाही. आवाजाचं तिला कधीही सांगू नकोस. मी फक्त लिहून ठेवलं होतं, असंच समजू दे.

धपाटा उधारच राहू दे.

मामा


१४ ऑक्टोबर

ती. मामीस,

नमस्कार. हे पत्र मी पेनड्राइव्हवर पाठवते आहे, शिंपीणमावशी लावून देतील आणि बाई तुला वाचून दाखवेल. दार लावून एकटीने ऐक. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. मी तुझ्याकडे दहा दिवस राहिले, रोज सकाळी ठरवायचे आणि रोज तू मलाच जेवायला वाढायचीस.

मामाचं शेवटचं पत्र माझ्या हातात पडलं, त्याच दिवशी तुझा फोन आला. मी निघाले, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, ते तुला माहीतच आहे. जाताना मी डिस्कची प्रत घेऊन गेले, तू विचारलंस तेव्हा "नुसतं तपासायला" म्हटलं. ते खोटं होतं.

मामाने तुझ्यासाठी लिहून ठेवलेले सतरा तुकडे तू ऐकलेस. ते आधी लिहिलेले नव्हते, त्याच्या आवाजात भरलेले होते. एक्केचाळीस होते. ते मी पुसायला लावले, मामी. मी त्याला लिहिलं, "सगळं पुसून." तीनशे संगणकांना मी आधी टोपली बघून मग हात लावते, आणि त्याच्या टोपलीबद्दल, ज्या टोपलीवरून मी मार खाल्ला होता त्याच माणसाच्या टोपलीबद्दल, मी विचारलं नाही. वर त्याने विचारल्यावर मी त्याची थट्टा केली. गेले महिनाभर इथल्या एका डिस्क वाचणाऱ्या माणसाकडून ती प्रत शोधून घेते आहे. काही उरलेलं नाही. मेपासून मामा त्यावरच टाइप करत होता, त्याने स्वतःच्याच आवाजावर लिहिलं.

त्याने तुला सांगू नकोस म्हटलं होतं. पण उद्या तू मला विचारशील, की त्याचं आणखी काही आहे का गं, आणि मी "काही नाही" म्हणेन, तर ते त्याच्यासारखंच होईल. मला तसं करायचं नाही. तू बोलली नाहीस माझ्याशी तरी चालेल.

तुझी
खटपटी


२ नोव्हेंबर

खटपटे

हे मी स्वतः लिहिते आहे. बारा दिवस लागले. चुका राहिल्या असतील, तपासणारा गेला.

तू चुकलीस. चुकली नाहीस असं मी म्हणणार नाही, तुला ते ऐकून बरं वाटेल म्हणूनसुद्धा नाही. पहिले दोन दिवस तुझं तोंड बघू नये असं वाटलं, आणि मग माझं मलाच हसू आलं, तोंड कुठून बघणार होते.

आता माझं ऐक. तो अडगळीच्या खोलीत बोलायचा तेव्हा मी दाराबाहेर बसलेली असायचे. आठही दिवस. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि कधी कान लावला नाही, पण नवऱ्याच्या दाराला लावला. गादीखाली बोललं की आवाज जात नाही असं त्याला वाटायचं. एक्केचाळीस नव्हते, बेचाळीस होते. एक त्याला बोलता आला नाही, रडला आणि पुसला. मग बाहेर आला, तर मी भाजी निवडत बसलेली. तो सहा वर्षं माझ्यापासून लपवत राहिला आणि मी सहा वर्षं ऐकलं नाही असं दाखवत राहिले. सांगितलं असतं तर टोपलीची गरजच नव्हती. तेव्हा तू एकटी चुकलीस असंही नाही.

आणि गाठ परत आल्याचं मला श्वासावरूनच कळलं होतं. फेब्रुवारीतच.

बाईने सतरा वाचले. शब्द तेच, पण त्याने ते सुधारलेत. मी पहिल्यांदा फोनवर त्याला लाइन व्यस्त आहे म्हणाले ती गोष्ट सांगताना तो खरं तर तीनदा अडखळला होता, आणि मध्ये म्हणाला होता, "थांब, पहिल्यापासून सांगतो." लिहिताना ते सगळं काढून टाकलं. चुका काढायची सवय. मला त्या चुकाच हव्या होत्या.

उरलेले चोवीस मला पाठ आहेत. दुपारी बसून मनात म्हणते. पण एक भीती आहे, ती तुलाच सांगते. शब्द येतात, आवाज हळूहळू त्या बाईचा येतो. परवा शेगडीच्या चावीचा तुकडा आठवला तो अख्खा तिच्या आवाजात आठवला. मी घाबरून टेबलाशी गेले.

नऊ बटणं तशीच आहेत. सिस्टिम तू चांगली दिलीस, एकदाही अडत नाही. एक, दोन, तीन मी दाबत नाही. सहा एकदा दाबलं, शिंपीण फार बडबडत होती तेव्हा. हसलो दोघी.

सात मात्र रोज दाबते. आतल्या खोलीत जाते, तिथून हाक मारते, नेहमीसारखी. मग भिंतीला धरून टेबलापर्यंत येते आणि बटण दाबते. तो म्हणतो, आलोच.

मग मी परत आत जाऊन बसते.

मामी